मुक्या जनावरांची सूचिचिकित्सा आणि तिचे नकाशे

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशावरून जो भूगोल शिकला, त्याला एक गोष्ट पुढें केव्हां तरी कळून येते. नकाशांतील नदी निळी असते. खरी नदी पावसाळ्यांत गढूळ आणि उन्हाळ्यांत वाळूच्या रंगाची असते. नकाशावर दोन प्रांतांच्या मध्यें ठळक रेघ असते; प्रत्यक्ष त्या जागीं जाऊन उभें राहिलें तर तेथें शेत असतें, बाभळ असते, रेघ मात्र कोठेंच दिसत नाहीं. असें असूनहि नकाशावांचून दूरच्या मुलखांत जाण्यास कोणी धजत नाहीं. नकाशा खोटा नसतो. परंतु त्याची भाषा ज्यास कळत नाहीं, त्याची तो दिशाभूल करूं शकतो.

शरीराचेहि असेच नकाशे असतात, आणि त्यांतल्या त्यांत मुक्या जनावरांच्या शरीराचे नकाशे काढणें हें मोठ्या जोखमीचें काम आहे. अॅक्युपंक्चर या नांवानें ओळखली जाणारी चिनी सूचिचिकित्सा आज पुष्कळांस ऐकून माहीत आहे. अत्यंत बारीक सुया शरीराच्या ठराविक बिंदूंवर टोंचून वेदना हलकी करण्याचा हा उपाय. तो माणसांवर केला जातो, तसा घोडे, कुत्रीं, मांजरें, गाई यांच्यावरहि केला जातो. आणि तो शिकूं इच्छिणाऱ्या पशुवैद्यांसाठीं निरनिराळ्या देशांत अभ्यासक्रम चालतात. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अॅक्युपंक्चर संस्था ही अमेरिकेंत १९७४ सालीं स्थापन झाली. अशा अभ्यासक्रमांत व्याख्यानें असतात, ग्रंथ असतात; परंतु विद्यार्थ्याचा खरा झगडा चालतो तो चित्रांशीं.

याचें कारण उघड आहे. माणसाच्या हातांत सुई शिरली म्हणजे तो बोलून दाखवितो: येथें जड वाटतें, तेथें मुंग्या आल्या, ही कळ बोटापर्यंत गेली. चिनी वैद्य या जाणिवेस ‘द-ची’ म्हणतात आणि सुई योग्य ठिकाणीं पोंचल्याची ती खूण मानतात. घोडा यांतलें कांहींच सांगत नाहीं. तो कातडी थरथरवितो, कान मागें पाडतो, फार झालें तर लाथ झाडतो. तेव्हां जागा चुकली कीं साधली, याची ग्वाही ज्याच्या तोंडून मिळावयाची तोच मुका. म्हणून सुई हातीं घेण्यापूर्वींच जागा डोळ्यांत आणि बोटांत पक्की बसलेली असावी लागते.

आणि ही पाठ करावयाची सामग्री थोडी नाहीं. माणसाच्या शरीरावर १२ प्रमुख मार्ग व मध्यरेषेवरील २ असे १४ मार्ग या शास्त्रांत मानलेले आहेत, आणि त्यांवर ३६१ बिंदु आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं जिनीव्हा येथें तज्ज्ञांची बैठक भरवून या बिंदूंच्या नांवांची व क्रमांकांची एकच यादी ठरविली. पशुवैद्यास ही यादी तर हवीच; शिवाय घोडा, कुत्रा, गाय या प्रत्येकाच्या अंगावर तो बिंदु कोठें पडतो, सुई किती खोल जावी, खालीं कोणतें इंद्रिय आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें लागतें.

या अडचणीवर पहिली मोठी तोड निघाली ती चीनमध्येंच, आणि तीहि एका मूर्तीच्या रूपानें. सुंग घराण्याच्या रन-त्सुंग बादशहाच्या कारकीर्दींत वांग वेइ-यी नांवाचा वैद्य होऊन गेला. हातानें उतरून घेतलेल्या ग्रंथांत बिंदूंच्या जागा पिढीगणिक सरकत चालल्या होत्या. त्या निश्चित करण्याचें काम त्याजकडे आलें. त्यानें १०२६ सालीं सचित्र ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढील वर्षीं माणसाच्या आकाराच्या दोन ब्राँझच्या पोकळ मूर्ति ओतविल्या. मूर्तीच्या अंगावर बिंदूंच्या ठिकाणीं बारीक छिद्रें पाडून त्यांचीं नांवें कोरलेलीं होतीं. परीक्षेच्या वेळीं मूर्तीला बाहेरून मेण चोपडीत, म्हणजे छिद्रें व नांवें दोन्ही झांकलीं जात. आंत पाणी, कांहींच्या मतें पारा, भरीत. विद्यार्थ्यास बिंदूचें नांव सांगत. त्यानें सुई टोंचावयाची. जागा बरोबर असली तर सुई छिद्रांत शिरून पाणी ठिबके. चुकली तर सुई धातूवर अडे. येथें परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नसे.

या मूर्तीकडे थोडें बारकाईनें पाहिलें म्हणजे अभ्यासाच्या साधनाचे दोन गुण दिसून येतात. उघड्या मूर्तीवर नांवें वाचतां येतात; हें झालें शिक्षण. मेण लावलेल्या मूर्तीवर तींच नांवें आठवावीं लागतात. ही झाली परीक्षा. एकाच वस्तूंत वाचन आणि आठवण या दोहोंची सोय केलेली आहे. आजच्या विद्यार्थ्यानें आपल्यासाठीं जीं साधनें करावयाचीं, त्यांचाहि कस हाच आहे. जें चित्र केवळ सर्व कांहीं दाखवितें, तें भिंतीवर शोभतें. जें चित्र कांहीं झांकून ठेवतें, तेंच शिकवितें.

घोड्यांच्याहि आकृति चीनमध्यें जुन्या काळापासून काढल्या जात. घोडा हा तेथील सैन्याचा व टपालाचा आधार असल्यामुळें अश्ववैद्यास राज्यांत मान होता. यू आडनांवाच्या दोघां भावांनीं रचलेला ‘युआन-हंग ल्याव मा ची’ हा अश्वचिकित्सेचा ग्रंथ १६०८ सालचा. त्यांत लांकडी ठशांच्या आकृति आहेत आणि पाठांतरासाठीं पद्येंहि आहेत. चित्र डोळ्यासाठीं आणि पद्य कानासाठीं, अशी ही योजना. ज्या देशांत अमरकोश आणि पाढे मुखोद्गत करण्याची परंपरा होती, तेथील श्रोत्यांस तिचें मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

परंतु येथेंच एका गोष्टीचा उलगडा करणें जरूर आहे. या जुन्या आकृतींत घोड्याच्या अंगावर जे बिंदु दाखविलेले आहेत, ते सगळेच आजच्या अर्थानें सूचिचिकित्सेचे नव्हत. त्यांपैकीं पुष्कळ बिंदु शीर तोडून रक्त काढण्याचे किंवा तापलेल्या लोखंडानें डाग देण्याचे होते, असें कांहीं इतिहाससंशोधकांनीं साधार दाखवून दिलें आहे. बैलाच्या खांद्यावर किंवा फऱ्यावर डाग देण्याची चाल महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांस अपरिचित नाहीं. पण तिला कोणी सूचिचिकित्सा म्हणणार नाहीं. आणि आज कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या चित्रावर डोक्यापासून खुरापर्यंत ज्या सलग रंगीत रेघा दिसतात, त्या तर बऱ्याच अलीकडच्या. माणसाच्या शरीरावरील मार्ग जनावराच्या शरीरावर उतरवून घेण्याची ही पद्धति मुख्यतः १९७० नंतर पाश्चात्त्य पशुवैद्यांनीं रूढ केली. म्हणून जनावराच्या एका चित्रावर दोन कुळांचे बिंदु नांदत असतात: कांहीं जुन्या अश्ववैद्यांकडून आलेले, आणि कांहीं माणसावरून उतरवून घेतलेले.

हा भेद नजरेआड केला म्हणजे काय होतें, याचें एकच उदाहरण पुरे आहे. ‘बाय-हुइ’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘शंभरांचा मेळावा’. माणसांत या नांवाचा बिंदु डोक्याच्या माथ्यावर आहे. घोड्यांत व कुत्र्यांत याच नांवाचा जुना बिंदु पाठीच्या मागील भागीं, कमरेचे मणके संपून त्रिकास्थि जेथें सुरू होतें त्या खळग्यांत आहे. नांव एक, जागा दोन. मध्यें सगळी पाठ. ज्या विद्यार्थ्यानें नुसतीं नांवें पाठ केलीं, तो येथें हटकून चुकणार.

नांवांची जी गत, तीच क्रमांकांची. मूत्राशयाच्या मार्गावरील गुडघ्यामागचा ‘वेइ-चुंग’ हा बिंदु जागतिक यादींत ४० वा आहे. कांहीं जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांत तोच ५४ वा म्हणून दिलेला आहे. आणि आजच्या यादींतील ५४ वा बिंदु तर ढुंगणाच्या भागीं, खुब्याजवळ आहे. एका पुस्तकांतून क्रमांक घेतला आणि दुसऱ्या पुस्तकांतून चित्र घेतलें, तर गुडघ्यावर टोंचावयाची सुई खुब्यावर जाते. म्हणून चित्र काढावयास बसतांना विद्यार्थ्यानें पहिली ओळ लिहावी ती ही, कीं हें चित्र कोणत्या यादीप्रमाणें काढलें आहे.

तिसरी अडचण शरीररचनेचीच आहे. माणसाच्या बरगड्यांच्या जोड्या १२, कुत्र्याच्या १३, घोड्याच्या १८. कमरेचे मणके माणसास ५, घोड्यास ६, कुत्र्यास ७. पाठीवरील बिंदु तर मणके व बरगड्या मोजूनच शोधावयाचे असतात. यकृताचा म्हणून जो पाठीवरील बिंदु मानतात, तो माणसांत छातीच्या नवव्या मणक्याशीं आहे. कुत्र्याच्या पुष्कळ नकाशांत तो दहाव्याशीं दाखवितात. घोड्याच्या सहा जादा बरगड्यांची वांटणी कशी करावयाची, याविषयीं तर निरनिराळ्या संप्रदायांचे नकाशे एकमेकांशीं जुळत नाहींत. शिवाय माणसाच्या हातापायांस पांच बोटें, आणि मार्गांचे शेवट बोटांच्या टोंकांशीं. घोड्यास प्रत्येक पायाला एकच खूर. तेव्हां हे सगळे शेवटचे बिंदु खुराच्या वरच्या कडेभोंवतीं दाटीवाटीनें बसवावे लागतात. कुत्र्याच्या पुढच्या पायाचा आंगठा कित्येकदा लहानपणींच कापून टाकलेला असतो, आणि त्याच्या आधारानें शोधावयाचा बिंदु मग निराधार होतो. सर्वांत गंमतीची गोष्ट ही, कीं घोड्यास पित्ताशय मुळींच नसतें. तरी त्याच्या नकाशावर पित्ताशयाचा मार्ग मात्र डौलानें काढलेला असतो!

एवढ्या अडचणी ऐकून असें वाटेल कीं हा अभ्यास चित्रांच्या आवांक्यांतला नाहीं. तसें नाहीं. चित्र कोणत्या क्रमानें काढावें, एवढेंच जाणावें लागतें.

आरंभ बिंदूपासून करावयाचा नाहीं, हाडापासून करावयाचा. इंग्लंडांत जॉर्ज स्टब्स नांवाचा चित्रकार होऊन गेला. घोड्यांचीं चित्रें काढावयाचीं तर घोडा आंतून ठाऊक पाहिजे, म्हणून त्यानें लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेडेगांवीं सुमारे १८ महिने मुक्काम ठोकला. मेलेले घोडे दोरखंडांनीं उभे टांगून तो कातड्याखालचा एकेक थर उतरवी आणि प्रत्येक थराचें चित्र काढी. त्याचा घोड्याच्या शरीररचनेवरील ग्रंथ १७६६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ताम्रपट त्यानें स्वतःच कोरले. स्टब्स थर उतरवीत गेला. विद्यार्थ्यानें तेच थर उलट क्रमानें चढवीत जावें. पहिल्या कागदावर केवळ सांगाडा. त्यावर पारदर्शक कागद ठेवून मोठे स्नायु व कंडरा. त्यावर दुसरा पारदर्शक कागद, त्यांत मोठ्या शिरा, मज्जातंतु आणि फुप्फुसाची सीमा. आणि सर्वांत शेवटीं, सर्वांत वरच्या कागदावर मार्ग व बिंदु. वरचा कागद उचलला कीं बिंदूच्या खालीं काय आहे तें दिसतें. सुई कागदावर शिरत नाहीं, शरीरांत शिरते, ही जाणीव या एका युक्तीनें कायम राहते.

सांगाडा काढतांना माणूस, कुत्रा आणि घोडा असे तिघे एका रांगेंत काढावे. फ्रान्समधील प्येर बेलाँ यानें १५५५ सालीं पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथांत माणसाचा व पक्ष्याचा सांगाडा शेजारीं शेजारीं काढून हाडाशीं हाड जुळवून दाखविलें होतें. तीच रीति येथें उपयोगी पडते. तिघांच्याहि मनगटास एक रंग, टांचेस दुसरा, गुडघ्यास तिसरा. मग एक नवल दिसतें. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला लोक गुडघा म्हणतात, तें खरोखर त्याचें मनगट असतें. आणि मागच्या पायाचा जो कोंपर मागें आलेला दिसतो, ती त्याची टांच असते. घोडा जन्मभर एका बोटाच्या नखावर उभा असतो. ज्याला हें एकदां रंगांत दिसलें, तो मनगटाचा बिंदु घोड्याच्या कोंपरांत शोधणार नाहीं.

दुसरें साधन मापाचें. या शास्त्रांत अंतर इंचांत मोजीत नाहींत. ‘त्सुन’ या मापानें मोजतात, आणि हें माप ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणें बदलतें. माणसाच्या कोंपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत १२ त्सुन धरतात, मग तो माणूस पहिलवान असो कीं सहा वर्षांचें मूल असो. जनावरांत पुष्कळदा शेवटच्या बरगडीची रुंदी एक त्सुन मानतात. हें बदलतें माप हातीं यावें म्हणून एक सोपी युक्ति आहे. शिवणकामाची इलॅस्टिकची फीत घेऊन ती न ताणतां तिच्यावर खुणा करून तिचे सारखे १२ भाग पाडावे. मग फितीचीं टोकें त्या त्या सांध्यांवर धरून ती ताणली कीं सर्व भाग सारखेच वाढतात, आणि प्रत्येक शरीराचें त्सुन आपोआप दिसूं लागतें. मनगटाच्या वर दोन त्सुन, दोन कंडरांच्या मध्यें, ‘नेइ-क्वान’ म्हणजे ‘आंतलें द्वार’ हा बिंदु आहे. ओकारीवर तो वापरतात. श्रोत्यांपैकीं कोणासहि ही फीत स्वतःच्या हातावर धरून त्या बिंदूची जागा शोधून पाहतां येईल.

तिसरें साधन कार्डांचें, आणि विद्यार्थ्याचा अधिक वेळ यांतच जातो. पत्त्याएवढ्या कार्डाच्या पुढच्या बाजूस एकाच अवयवाचें साधें चित्र आणि त्यावर एकच ठिपका, नांवाशिवाय. मागच्या बाजूस नांव, क्रमांक, नांवाचा अर्थ, जागा शोधण्याची खूण, सुईची दिशा आणि धोका. एका कार्डावर दोन बिंदु घालूं नयेत. दोन प्रश्न एकदम विचारले म्हणजे एकाचेंहि उत्तर चोख येत नाहीं. उदाहरणार्थ, एका कार्डावर कुत्र्याचा मागचा पाय. नडगीच्या हाडाच्या पुढच्या धारेच्या बाहेरच्या अंगास, स्नायूच्या फुगीर भागावर ठिपका. मागें लिहिलेलें: ‘त्सू-सान-ली, पोटाच्या मार्गावरील ३६ वा, धारेवरून बोट बाहेरच्या बाजूस घसरूं द्यावें, तें जेथें मऊ भागांत बसेल ती जागा.’ दुसऱ्या कार्डावर कुत्र्याचें नाक समोरून. नाकपुड्यांच्या मधोमध जी उभी खांच ओठाकडे येते, तिच्यावर नाकपुड्यांच्या खालच्या कडेच्या रेषेंत ठिपका. हा ‘रन-चुंग’, पाठीच्या मध्यमार्गावरील २६ वा. भूल दिलेल्या जनावराचा श्वास थांबला तर इतर उपायांच्या जोडीला येथें सुई हालवितात. १९७९ सालीं ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’ या ब्रिटिश नियतकालिकांत त्याविषयींचा लेख प्रसिद्ध झाला होता. असा प्रसंग आला म्हणजे पुस्तक उघडण्यास वेळ नसतो. तें कार्ड हाताशीं असून चालत नाहीं. तें डोक्यांत असावें लागतें.

कार्डें डोक्यांत उतरतात कशीं? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरें स्वतःच पाठ करून विस्मृतीचा अभ्यास केला आणि तो १८८५ सालीं प्रसिद्ध केला. पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें विसरतें आणि मग हळूहळू, असें त्यास आढळलें. आणि एकाच बैठकींत घोकण्यापेक्षां दिवसांचें अंतर ठेवून केलेली उजळणी फलदायी होते, हेंहि त्यानें दाखविलें. पुढें २००६ सालीं रोडिगर व कार्पिके या अमेरिकन संशोधकांनीं विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास दिले. कांहींनीं ते पुन्हां पुन्हां वाचले, कांहींनीं पुस्तक मिटून आठवून लिहिले. पांच मिनिटांनंतर वाचणारांची सरशी झाली. परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणारेच पुढें होते. हें मेण लावलेल्या मूर्तीचेंच तत्त्व झालें. तेव्हां विद्यार्थ्यानें कार्डाची मागची बाजू आधीं पाहण्याचा मोह टाळावा. बोटानें जागा दाखवावी, नांव मोठ्यानें उच्चारावें, आणि मगच कार्ड उलटावें. जीं आलीं तीं चार दिवसांनीं, जीं चुकलीं तीं उद्यांच पुन्हां काढावीं. आठवड्यांतून एकदां कोऱ्या कागदावर घोड्याची बाह्याकृति काढून एक पुरा मार्ग न पाहतां भरावा, आणि मग लाल शाईनें स्वतःच तपासावा. चित्र सुबक नसलें तरी चालेल. काढतांना हात जेथें थबकतो, तेथेंच ज्ञान अपुरें असतें.

रंगांचा मोह मात्र आवरला पाहिजे. १४ मार्गांस १४ भडक रंग दिले म्हणजे डोळा रंगांतच गुंततो. त्यापेक्षां रंग अर्थासाठीं राखून ठेवावे. जुन्या अश्ववैद्यांचे बिंदु चौकोनानें आणि माणसावरून उतरविलेले बिंदु वर्तुळानें दाखवावे, म्हणजे कोणता बिंदु कोणत्या कुळांतला याचा विसर पडणार नाहीं. ज्या जागेविषयीं संप्रदायांत मतभेद आहे, तेथें भरीव ठिपक्याऐवजीं पोकळ ठिपका काढावा. आणि लाल रंग केवळ एकाच कामासाठीं: धोका. छातीवरील बिंदु लाल तिरप्या रेघांच्या पट्ट्यांत यावे, कारण लहान कुत्र्याची छातीची भिंत फार पातळ असते आणि सरळ खोल घातलेली सुई फुप्फुसास भोंक पाडूं शकते. तेथें सुई तिरपी आणि उथळ घालावी लागते. गाभण जनावरांत जे बिंदु वर्ज्य मानतात, त्यांसहि लाल खूण करावी. एका चित्रांतून शंभर जागा शिकल्या आणि त्यांतील चार धोक्याच्या जागा कळल्या नाहींत, तर तें चित्र न काढलेलेंच बरें.

येथवरचें सगळें काम कागदावरचें. शेवटचें साधन म्हणजे जिवंत जनावर. शांत स्वभावाच्या घोड्याच्या अंगावर रंगीत खडूनें सांगाड्याच्या मुख्य रेषा काढतात. बरगड्या बोटांनीं मोजून मणक्यांवर खुणा करतात. बिंदूंच्या जागीं कागदाच्या गोल टिकल्या चिकटवितात. एका विद्यार्थ्यानें टिकल्या लावावयाच्या, दुसऱ्यानें तपासावयाच्या. मग टिकल्या काढून डोळे मिटावयाचे आणि त्याच जागा नुसत्या बोटांनीं शोधावयाच्या. कागदावर जो ठिपका होता, तो येथें दोन स्नायूंमधील खळगा होतो, हाडाची कड होते, शिरेचा ठोका होतो. फ्रान्समधील डॉक्टर ओझू यानें गेल्याच्या मागल्या शतकांत कागदाच्या लगद्याचे उकलतां येणारे घोडे बनविले होते, आणि त्यांच्यावर पशुवैद्यांनीं शिक्षण घेतलें. पण तो घोडा कधीं दचकला नाहीं. खऱ्या घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी कातडी हालते. लठ्ठ कुत्र्याच्या बरगड्या सांपडतांच सांपडत नाहींत. नकाशा आणि मुलूख यांतील अंतर येथें प्रथमच पायांखालीं येतें.

आतां या सर्वांहून मोठा प्रश्न राहतो. चित्र जितकें सुंदर, तितका त्यांतील मजकूर खरा वाटूं लागतो. रंगीत, सुबक, क्रमांक घातलेला नकाशा पाहिला म्हणजे मनुष्य सहज समजतो कीं त्या रेघा शरीरांत शिरांसारख्या आहेतच. वस्तुस्थिति तशी नाहीं. शवविच्छेदनांत असे मार्ग दाखवितां आलेले नाहींत. ही चिकित्सा जनावरांत कितपत गुणकारी आहे, याची तीन संशोधकांनीं उपलब्ध प्रयोगांवरून छाननी केली आणि ती २००६ सालीं पशुवैद्यकाच्या एका मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पाळीव जनावरांच्या कोणत्याहि रोगांत ही चिकित्सा स्वीकारावी किंवा टाकून द्यावी, असें निश्चितपणें म्हणण्याजोगा पुरावा नाहीं. कांहीं प्रयोग आशादायक असून अधिक संशोधन झालें पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेदनेच्या बाबतींत तिचा उपयोग होतो असें मानणारे अनुभवी पशुवैद्य आहेत, तसे ती साफ नाकारणारेहि आहेत. जो विद्यार्थी पोकळ ठिपका आणि भरीव ठिपका यांत प्रामाणिकपणें भेद करतो, तोच पुढें जनावराच्या धन्याशीं बोलतांना ठाऊक असलेलें आणि मानलेलें यांतहि भेद करील. चित्रांतली ही शिस्त अशी चिकित्सेपर्यंत पोंचते.

या विद्येचा भारताशीं जो संबंध जुळला, त्यांत एक मराठी नांव जवळून येतें. १९३८ सालीं भारतांतून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ सालीं तिकडेच वारले. त्याच पथकांतील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनीं पुढें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हां चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकून घेतली आणि कलकत्त्यास ती सुरू केली. ती माणसांची चिकित्सा होती. जनावरांची वाट निराळी आणि अधिक अवघड.

घरीं कुत्रें किंवा मांजर पाळणाऱ्या कुटुंबांनीं या सर्वांतून एवढेंच घ्यावें. एकादें सुंदर चित्र पाहून घरच्या जनावरावर सुई धरण्याचें धाडस कोणीं करूं नये. तें काम शिकलेल्या पशुवैद्याचें आहे, आणि आधीं रोगाचें निदान, मग उपाय, हा क्रम त्यासहि सुटलेला नाहीं. परंतु असा पशुवैद्य भेटला, तर त्यास खुशाल विचारावें कीं ही जागा आपण कशी शोधली. ज्याचें शिक्षण खरें आहे, तो भिंतीवरील नकाशाकडे बोट दाखविणार नाहीं. तो जनावराच्या पाठीवरून हलकेच हात फिरवील, शेवटची बरगडी शोधील, तेथून मणके मोजीत येईल, आणि बोट थांबेल तेथें क्षणभर जनावराच्या कानांकडे व श्वासाकडे पाहील. ब्राँझच्या मूर्तींतून पाणी ठिबकलें म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण होत असे. येथें उत्तर त्या मुक्या रुग्णाकडून यावयाचें असतें, आणि तें ओळखण्यास सवड मिळावी म्हणूनच नकाशा आधीं पाठ करून ठेवावयाचा असतो.